‘सलाइन’साठी मराठी शब्द कोणता: खारट, क्षारयुक्त की लवणीय?

रेवातीर (धागाकर्ती)

मंडळी, पाण्यावरच्या एका लेखमालेचे भाषांतर करते आहे. नद्या, खाड्या, भूजल, समुद्र असा सगळा पसारा आहे आणि ‘सलाइन’ हे विशेषण पानोपानी येते. दर वेळी लिहिताना हात थबकतो. समोर तीन शब्द आहेत: खारे किंवा खारट, क्षारयुक्त किंवा क्षारीय, आणि लवणीय. तिन्ही प्रचारात आहेत, तिन्ही छापील मजकुरात सापडतात, पण अर्थ मात्र एकच नाही.

माझे मत आधीच मांडते. ‘खारट’ ही चव आहे आणि चवीला जीभ लागते. ‘सलाइन’ हे जिभेवर अवलंबून नाही. पाण्यात किंवा मातीत विरघळलेली लवणे किती, हे मोजून ठरवायचे असते. एक किलो पाण्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी लवणे असतील तर ते पाणी गोडे. समुद्रात हेच प्रमाण सरासरी ३५ ग्रॅमच्या आसपास असते. बाल्टिक समुद्राच्या मध्यभागी, पृष्ठभागाजवळ, ते जेमतेम ७-८ ग्रॅम भरते. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला ४० च्या वर जाते, तर मृत समुद्रात ३४० च्या घरात. या सगळ्यांना ‘खारे पाणी’ म्हणता येईल, पण तक्ता करायला बसलो की ‘खारटपणा ३५’ असे लिहिता येत नाही. तिथे राशीचे नाव लागते.

‘क्षारता’ हे नाव तयार आहे, पण तेच मला धोक्याचे वाटते. ‘क्षारीय’ वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात आम्लाच्या विरुद्ध असा अर्थ उभा राहतो. पाणी खारे असणे आणि ते आम्लाच्या विरुद्ध गुणाचे असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मृत समुद्राचेच बघा. इतके प्रचंड खारे पाणी, आणि त्याचा सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क) ६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लच. उलट कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराचे पाणी खारेही आहे आणि त्याचा सामू १० च्या जवळ जातो. दोघांनाही ‘क्षारीय’ म्हटले तर वाचकाला नेमके काय कळणार?

म्हणून मी ‘लवणीय’ आणि ‘लवणता’ या शब्दांकडे झुकले आहे. तुमचा अनुभव काय? विशेषतः माती, समुद्र, वैद्यक या क्षेत्रांत रोज काम करणाऱ्यांनी सांगावे.

पाटीपेन्सिल

चांगला विषय. मी शिकवतो, त्यामुळे वर्गातून बोलतो.

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आम्ल, आम्लारी आणि क्षार’ असे त्रिकूट आहे. आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी तयार होते. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क म्हणायचे. भूगोलात ‘सागरजलाची क्षारता’ आहे. म्हणजे मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाच्या डोक्यात क्षार म्हणजे सॉल्ट, हे पक्के बसलेले असते. त्याला ‘लवणता’ दिलीत तर ही कुठली तरी तिसरीच राशी आहे असे वाटेल.

गोंधळ येतो तो हिंदीमुळे. हिंदी पुस्तकात तेच प्रकरण ‘अम्ल, क्षारक एवं लवण’ या नावाने असते. त्यांचा क्षार म्हणजे आपला अल्क. हिंदी मजकुरावरून घाईने मराठी केले की ‘क्षारीय’ शब्द अर्थासकट इकडे येतो. पण शेजारच्या भाषेत एका शब्दाचा अर्थ वेगळा आहे म्हणून आपण आपली परिभाषा का सोडावी? सुसंगत आणि रुजलेली परिभाषा सहजासहजी मिळत नाही. माझे मत ‘क्षारता’लाच.

चांदणवेल

पाटीपेन्सिल यांच्याशी सहमत. शिवाय ‘क्षारसंजीवनी’ हा शब्द घराघरांत पोचलेला आहे. तिथला क्षार म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमची लवणेच. ते कोणी बदलू शकेल का?

मातीचा_वास

माझे काम माती परीक्षणाचे. रेवातीर यांनी जो धोका म्हटला आहे, तो आमच्याकडे कागदावर राहत नाही, थेट शेतात उतरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिघडलेल्या जमिनी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात विरघळणारी लवणे भरमसाट असतात: क्लोराइडे, सल्फेटे, सोडियमची, कॅल्शियमची, मॅग्नेशियमची. माती पाण्याने संपृक्त करून त्या अर्काची विद्युत वाहकता मोजली आणि ती ४ डेसीसायमन प्रतिमीटरच्या वर गेली की जमीन या गटात धरतात. सामू सहसा ८.५ च्या खालीच असतो. दुसऱ्या प्रकारात विद्राव्य लवणे फार नसतात, पण मातीच्या कणांना चिकटलेल्या धन आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो आणि सामू ८.५ च्या वर चढतो. दोन्ही दोष एकत्र असलेला तिसरा प्रकारही आहे. हे आकडे अमेरिकेतल्या लवणता प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणातले, आणि ते आजही जगभर वापरात आहेत.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर दोन्ही जमिनींचे एकेक वाळलेले ढेकूळ घ्या आणि ऊर्ध्वपातित पाणी भरलेल्या काचेच्या दोन भांड्यांत अलगद सोडा. हलवू नका. लवणे जास्त असलेल्या मातीचे ढेकूळ फुटते, बुडबुडे येतात, कण खाली बसतात, पण वरचे पाणी स्वच्छ राहते. लवणांमुळे चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना धरून असतात. सोडियमने बिघडलेल्या मातीच्या ढेकळाभोवती मात्र काही वेळाने दुधाळ वलय दिसू लागते. ते पसरत जाते आणि पाणी गढूळ होते ते होतेच, तासन्‌तास निवळत नाही. कण सुटे होऊन तरंगत राहतात. शेतात हेच कण मातीची छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही, वर साचते, आणि वाळल्यावर दगडासारखा थर बनतो.

आता उपाय बघा. पहिल्या प्रकाराला निचऱ्याची सोय करून चांगल्या पाण्याने लवणे खाली धुऊन काढायची. दुसऱ्याला आधी जिप्सम द्यायचे, म्हणजे त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेते, आणि मग धुवायचे. दोन्ही दोष असलेल्या तिसऱ्या प्रकारच्या जमिनीत जिप्सम न घालता नुसते भरपूर गोडे पाणी सोडले तर कणांना धरून ठेवणारी लवणे निघून जातात, सोडियम मात्र राहतो, आणि जमीन होती त्याहून वाईट होते.

अहवालात नुसते ‘जमीन क्षारीय आहे’ एवढेच लिहिले तर वाचणारा यातला कोणता उपाय करणार? आम्ही पहिल्या प्रकाराला क्षारयुक्त किंवा खारवट आणि दुसऱ्याला चोपण म्हणतो. ‘चोपण’ हा शब्द तर अप्रतिम आहे. त्यात गल्लतीला जागाच नाही. ‘क्षारीय’ हे विशेषण मी स्वतः अहवालात कधीच वापरत नाही. ‘लवणीय’ला माझी हरकत नाही, फक्त शेजारी वाहकतेचा आकडा हवाच.

निळाई_१२

वाचनखूण साठवली. ढेकळाचा प्रयोग वर्गात करून दाखवण्यासारखा आहे.

शब्दवेल्हाळ

पाटीपेन्सिल, एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. ‘लवण’ हा हिंदीतून आलेला पाहुणा नाही. त्याची वंशावळ मराठीतच आहे. मीठ नसलेले ते ‘अळणी’, हे ‘अलवण’चे रूप. ओल्या भिंतीवर पांढरी बुरशीसारखी पूड फुलते तिला ‘लोणा’ म्हणतात, तोही लवणाचाच. ‘लावण्य’ही ‘लवण’वरूनच. सहा रसांतल्या खारट रसाचे शास्त्रीय नाव ‘लवण’ आहे, ‘क्षार’ नव्हे.

आणि ‘क्षार’ची गोष्ट उलटी आहे. मुळात क्षार म्हणजे वनस्पती जाळून, तिची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून काढलेला दाहक पदार्थ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्यासाठी ‘क्षारपाकविधि’ असा स्वतंत्र अध्याय आहे. क्षाराने झालेला दाह शमवायला आम्ल पदार्थ वापरा, असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात हे निरीक्षण फार जुने. अरबी ‘अल्‌-कली’ म्हणजेही राखच, आणि त्यावरून ‘अल्कली’ शब्द जगभर गेला. आपल्याकडचे जवखार आणि सज्जीखार हे अनुक्रमे पोटॅशियम आणि सोडियमचे कार्बोनेट. दोन्ही रसायनशास्त्राच्या भाषेत लवणे आहेत, पण त्यांचे पाण्यातले द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते. त्यामुळे ‘खार’ या शब्दात अल्काचा अर्थ मराठीतही पूर्वीपासून मुरलेला आहे. गोंधळाचे खापर एकट्या हिंदीवर फोडता येणार नाही. पाठ्यपुस्तकांनी दोन अर्थांपैकी एक निवडला, दुसरा भाषेत शिल्लक राहिला.

पाटीपेन्सिल

‘अळणी’चा मुद्दा बिनतोड आहे. तरी माझा प्रश्न तसाच उभा आहे. शब्द मराठी असणे वेगळे आणि वाचकाच्या तोंडी असणे वेगळे. भूगोलाचे पुस्तक ‘क्षारता’ शिकवत असताना बाहेरच्या लेखनात ‘लवणता’ आली, तर मुलाने कोणता शब्द धरायचा?

उत्तररात्र

मी विद्यार्थी आहे, एक मूलभूत प्रश्न विचारू का? आम्ल आणि आम्लारीपासून जे बनते ते क्षार म्हणजे लवण, असे असेल तर सगळी लवणे खारट असतात का? नसतील तर खारट चव नेमकी कशामुळे येते?

प्रयोगवही

उत्तररात्र, हा प्रश्न धाग्याच्या अगदी गाभ्याशी आहे. उत्तर: अजिबात नाही. बहुतेक लवणे खारट नसतात, आणि कित्येक तर घातक असतात, म्हणून चाखून बघायचा विचारही मनात आणू नका.

मॅग्नेशियम सल्फेट कडू. पोटॅशियम क्लोराइड खारट, पण मागे कडवट छटा राहते. शिशाचे ॲसिटेट चक्क गोड, आणि जबरदस्त विषारी. बेरिलियमची लवणे गोड लागत म्हणून त्या मूलद्रव्याला पूर्वी ‘ग्लुसिनियम’ म्हणत. तीही विषारीच. मोरचूद हे तांब्याचे लवण आहे, पण त्याला कोणी खारट म्हणणार नाही. खडूतले कॅल्शियम कार्बोनेटही लवणच. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याला म्हणण्यासारखी चवच नाही.

खारटपणा प्रामुख्याने सोडियमच्या आयनाचा. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या काही पेशींच्या पडद्यात सोडियमला आत घेणाऱ्या वाटा असतात. सोडियम आत शिरला की पेशीचा विद्युतभार बदलतो आणि संदेश मेंदूकडे जातो. लिथियमचा आयनही याच वाटेने आत जाऊ शकतो, म्हणून लिथियम क्लोराइड खारट लागते. १९४० च्या दशकात अमेरिकेत, मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णांसाठी ते मिठाऐवजी विकले जात असे. १९४९ साली त्यातून विषबाधा होऊन मृत्यू झाले आणि ते बंद करावे लागले. जोडीच्या ऋण आयनालाही महत्त्व आहे. सोडियम तेवढाच ठेवून क्लोराइडऐवजी ॲसिटेट घेतले तर खारटपणा उतरतो.

रेवातीर यांनी मृत समुद्राचा दाखला दिला आहे, त्यात आणखी एक भर घालतो. त्या पाण्यातले सर्वांत मोठे लवण सोडियम क्लोराइड नसून मॅग्नेशियम क्लोराइड आहे. त्यामुळे ते पाणी तोंडात गेले तर खारटपेक्षा कडूजहर लागते. जगातल्या सर्वांत लवणीय पाण्यांपैकी एक, पण चव विचाराल तर कडू! ‘लवणीय’ आणि ‘खारट’ हे दोन शब्द वेगळे का हवेत, याला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

उत्तररात्र

खूप आभार. लवण हा रसायनाचा वर्ग आणि खारट ही त्यातल्या थोड्यांची चव, हे पहिल्यांदाच एवढे स्पष्ट झाले.

वॉर्ड_नंबर_पाच

वैद्यकाबद्दल मी लिहिते, परिचारिका आहे.

आमच्याकडे ‘सलाइन’ हे विशेषण उरलेलेच नाही, ते नाम झाले आहे. पिशवीवर छापलेले असते ‘सोडियम क्लोराइड ०.९ टक्के’, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. यालाच ‘नॉर्मल सलाइन’ म्हणतात. यातला ‘नॉर्मल’ रसायनशास्त्रातला नाही. रसायनातले एक नॉर्मल द्रावण करायचे तर लिटरला ५८ ग्रॅमहून अधिक सोडियम क्लोराइड लागेल, आणि ते शिरेतून दिले तर अनर्थ होईल. इथे अर्थ एवढाच, की रक्तपेशींना ते साधारणपणे सोसते. साध्या पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात, तीव्र द्रावणात आक्रसतात, आणि या द्रावणात जवळपास जशाच्या तशा राहतात. याशिवाय ०.४५ टक्क्यांचे आणि ३ टक्क्यांचेही सलाइन असते. त्यांचे उपयोग पूर्णपणे वेगळे आहेत, म्हणून नुसते ‘सलाइन’ लिहून भागत नाही, टक्केवारी लागतेच.

बोलताना लोक शिरेतून दिलेल्या कोणत्याही द्रवाला सलाइन म्हणतात. ‘दोन सलाइन लावल्या’ असे नातेवाईक सांगतात तेव्हा त्यातली एक ५ टक्के डेक्स्ट्रोजची असू शकते, जिच्यात लवणाचा कणही नसतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक नुसता शब्दाचा राहत नाही. म्हणून नातेवाइकांकडून पूर्वीच्या उपचारांची माहिती घेताना मी नेहमी पिशवीवरचे नाव विचारते.

‘क्षारीय द्रावण’ हे भाषांतर मात्र इथे कृपा करून करू नका. ०.९ टक्के सलाइनचा सामू औषधसंहितेप्रमाणे ४.५ ते ७ च्या दरम्यान असतो, म्हणजे झुकलेच तर ते आम्लाकडे झुकते. आणि अल्कधर्मी द्रावण, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचे, आमच्याकडे वेगळे असते आणि वेगळ्या कारणासाठी दिले जाते.

रेवातीर

वॉर्ड_नंबर_पाच, ही माहिती फार मोलाची. वैद्यकीय संदर्भ आला तर ‘सलाइन’च ठेवते, सोबत टक्केवारी देते.

भरतीओहोटी

उशिरा आलो. सागरविज्ञान हे माझे क्षेत्र, त्यामुळे ‘सागरजलाच्या क्षारते’बद्दल मला बोललेच पाहिजे.

समुद्राच्या पाण्याच्या तीन वेगवेगळ्या राशी आम्ही मोजतो. एक, सामू. दोन, पाण्याची आम्ल उदासीन करण्याची क्षमता, म्हणजे अल्कता. तीन, विरघळलेल्या लवणांचे एकूण प्रमाण, म्हणजे लवणता. मराठी लेखांत या तिन्हींसाठी ‘क्षारता’ हा एकच शब्द मी वाचलेला आहे.

त्याने काय होते ते सांगतो. औद्योगिक युग सुरू झाल्यापासून हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळत आला आहे आणि पृष्ठभागाचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकड्यात फरक छोटा दिसतो, पण सामूची मोजपट्टी लॉगॅरिदमिक असल्याने हायड्रोजन आयन पाव पटीहून अधिक वाढले आहेत. प्रवाळांना आणि शिंपल्यांना कवच बांधणे त्यामुळे जड जाते. ही बातमी ‘समुद्राची क्षारता घटते आहे’ अशा मथळ्याने आली, तर पाटीपेन्सिल यांचा भूगोल नीट शिकलेला विद्यार्थी काय समजेल? समुद्र कमी खारा होतो आहे, असेच ना? तो अगदी बरोबर वाचूनही चुकीचे समजेल. दोष त्याचा नाही, शब्दाचा आहे.

आणखी खोलात गेलो तर तो मथळा दुसऱ्या अर्थानेही टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने सामू घटतो, अल्कता मात्र त्या क्रियेत बदलत नाही. हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट जोडीने तयार होतात, त्यामुळे हिशेब जिथल्या तिथे राहतो. म्हणजे ‘क्षारता घटली’ हे लवणतेच्या अर्थाने खोटे आणि अल्कतेच्या अर्थानेही खोटे. घटला तो सामू.

पाटीपेन्सिल

हे उदाहरण मला पटले. एक राशी असती तर मी ‘क्षारता’च्या बाजूने भांडत राहिलो असतो. एकाच पाण्यात तिन्ही राशी मोजायच्या असतील तर तीन नावे हवीत, यात शंका नाही. वर्गात ‘क्षारता’ शिकवावी लागेल, कारण पुस्तकात ती आहे. पण तिच्याबरोबर ‘लवणता’ हे नावही फळ्यावर लिहिता येईल.

मातीचा_वास

भरतीओहोटी, समुद्राची लवणता प्रत्यक्षात मोजता कशी? आमच्यासारखी वाहकतेवरूनच?

भरतीओहोटी

हो, वाहकतेवरूनच, पण तिथे पोचायला बराच काळ गेला.

पाणी आटवून उरलेले मीठ तोलायचे, ही सरळ वाटणारी पद्धत समुद्राच्या पाण्याला लागू पडत नाही. कोरडे करताना तापवले की मॅग्नेशियम क्लोराइडसारखी लवणे विघटित होतात, काही भाग वायुरूपाने निघून जातो, आणि कमी तापवले तर लवणे पाणी धरून बसतात. वजनावर भरवसा ठेवता येत नाही. सुटका झाली ती एका सुंदर शोधामुळे. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत जगभरातून आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडला: खुल्या समुद्रात लवणांचे एकूण प्रमाण जागोजागी बदलते, पण मुख्य आयनांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ कायम राहते. क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३० टक्क्यांहून थोडा जास्त, उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. मग सगळे मोजायची गरजच काय? एक क्लोराइड मोजा आणि बाकीचे गणिताने काढा. मार्टिन क्नुडसेन यांनी १९०२ मध्ये तसे सूत्र दिले आणि अनेक दशके जगभरची जहाजे सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन करत राहिली.

पुढे वाहकतेची उपकरणे अचूक झाली. १९७८ साली व्यावहारिक लवणतेची मोजपट्टी ठरली. यात समुद्राच्या पाण्याच्या वाहकतेची तुलना ठरावीक तीव्रतेच्या पोटॅशियम क्लोराइड द्रावणाच्या वाहकतेशी करतात. दोन वाहकतांचे गुणोत्तर असल्यामुळे या लवणतेला एककच नाही. नुसते ‘लवणता ३५’ लिहायचे. २०१० पासून मात्र ‘निरपेक्ष लवणता’ वापरण्याची शिफारस आहे आणि ती ग्रॅम प्रतिकिलो या एककात देतात. भाषांतर करताना मूळ लेखात यातली कोणती आहे ते बघा आणि तसेच ठेवा, आपल्या मनाने एकक जोडू नका.

प्रयोगवही

याला जोडून एक. साखरेच्या द्रावणातून वीज जवळजवळ वाहत नाही, मिठाच्या द्रावणातून वाहते, कारण लवण पाण्यात आयन होऊन सुटे होते. वाहकता हे लवणतेचे माप होऊ शकते ते एवढ्याचसाठी. म्हणून ‘पाण्यात काहीतरी विरघळलेले आहे’ एवढ्यावर पाणी लवणीय ठरत नाही.

विहिरीच्या जड पाण्यालाही लोक सरसकट ‘खारे’ म्हणतात. साबणाचा फेस न होणारे पाणी म्हणजे दुष्फेन पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतात, पण एकूण लवणे गोड्या पाण्याच्या मर्यादेत असू शकतात. ‘दुष्फेन’ आणि ‘लवणीय’ यांचीही अदलाबदल टाळलेली बरी.

चांदणवेल

रेवातीर, खाडीच्या पाण्याला काय लिहिणार? अर्धे गोडे, अर्धे खारे असते त्याला. ‘अल्पलवणीय’ वाचवत नाही.

शब्दवेल्हाळ

त्याला मराठीत नामी शब्द आहे: मचूळ. ‘मचूळ पाणी’ म्हटले की धड गोडेही नाही आणि धड खारेही नाही, हे लगेच समजते. ‘निमखारे’ही पुस्तकांत रुळले आहे आणि ते वाईट नाही. मात्र मचूळ हा चवीचा शब्द आहे. तक्त्यात अर्ध्या ग्रॅमपासून ३० ग्रॅमपर्यंतचा वर्ग दाखवायचा असेल तर निमखारे घ्यावे आणि वर्णनात मचूळ.

उत्तररात्र

‘हॅलो’ने सुरू होणाऱ्या शब्दांचे काय? हॅलोफाइट, हॅलोफाइल, हॅलोक्लाइन... आणि हॅलोजन?

शब्दवेल्हाळ

ग्रीक ‘हाल्स’ म्हणजे मीठ, लॅटिन ‘साल’ म्हणजेही मीठ. शास्त्राने दोन्ही घेतले, म्हणून ‘सलाइन’ही आहे आणि ‘हॅलाइन’ही. हॅलोजन म्हणजे लवण जन्माला घालणारा. तो शब्द १८११ साली क्लोरीनसाठी सुचवला गेला आणि पुढे त्या साऱ्या कुटुंबाला लागला. आता त्याचे भाषांतर नको, हॅलोजनच ठेवावे. बाकीच्यांना ‘लवण’ सहज जुळते: लवणप्रिय जीवाणू, लवणसह वनस्पती. ‘क्षारप्रिय’ म्हटले तर अल्कधर्मी पाण्यात राहणारा जीव डोळ्यांसमोर येईल, आणि तसे जीव खरोखरच वेगळे असतात.

भरतीओहोटी

हॅलोक्लाइनला मी ‘लवणता-उतार’ म्हणतो. खोलीनुसार लवणता झपाट्याने बदलते तो थर. वापरून बघा, अडत नाही.

रेवातीर

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेवरून एक परिच्छेद नव्याने लिहिला आहे, कृपया तपासा:

“मृत समुद्र अतिलवणीय आहे. त्याची लवणता ३४ टक्क्यांच्या घरात असून खुल्या समुद्राची सरासरी लवणता ३५ आहे. इतक्या लवणीय पाण्यात मासे जगत नाहीत. काही लवणप्रिय सूक्ष्मजीव मात्र टिकून राहतात. अशा जीवांपैकी ‘हॅलोबॅक्टेरियम’ गटातले जीव स्वतःच्या पेशीत पोटॅशियम क्लोराइड साठवून बाहेरच्या लवणतेशी तोल राखतात. त्यांना गोड्या पाण्यात टाकले तर त्यांची पेशी फुटते. नदीमुखांजवळ पाणी निमखारे होते आणि चवीला मचूळ लागते.”

‘क्षार’ हा शब्द कुठेच येऊ दिलेला नाही. सामूचा उल्लेख पुढच्या परिच्छेदात येतो, तिथे ‘आम्लधर्मी’ आणि ‘अल्कधर्मी’ घेतले आहे.

मातीचा_वास

छान वाहते आहे. ‘लवणीय’ कुठेही खटकले नाही.

भरतीओहोटी

एक दुरुस्ती सुचवतो, महत्त्वाची आहे. एकाच वाक्यात ‘३४ टक्के’ आणि ‘३५’ शेजारी आले आहेत. वाचकाला दोन्ही समुद्र जवळपास सारखेच खारे वाटतील, आणि प्रत्यक्षात फरक जवळजवळ दहापट आहे. समुद्राचे ३५ हे हजारात आहे, शंभरात नाही. दोन्ही आकडे ग्रॅम प्रतिकिलोमध्ये द्या: मृत समुद्र सुमारे ३४०, खुला समुद्र सुमारे ३५. मग लवणता हा शब्द पहिल्यांदाच भेटलेल्या वाचकालाही अंदाज येईल. बाकी परिच्छेद जसाच्या तसा जाऊ द्या.